जनावरांची फिर्याद

मुंगीचे बोलणे ऐकून हसणारे हजरत सुलैमान आपल्या घराघरांत माहीत आहेत. त्यामुळे बोलणारे प्राणी आपल्याला परके नाहीत. पण प्राण्यांनी खुद्द माणसावरच फिर्याद गुदरल्याची अरबी कथा आपल्यापैकी किती जणांनी वाचली असेल?

दहाव्या शतकात बसऱ्यात 'इख्वानुस्सफा' नावाचे विद्वानांचे मंडळ होते. गणित, संगीत, ग्रहतारे, आत्मा अशा विषयांवर त्यांनी पन्नासहून अधिक 'रिसाले' लिहिले आणि एकावरही आपले नाव घातले नाही. बाविसाव्या रिसाल्यात ही कथा येते.

वादळात सापडलेले एक जहाज बेटाला लागते. बेटावर राज्य जिन्नांचा बादशाह बीवरास्प याचे. उतरलेली माणसे तिथल्या जनावरांना कामाला जुंपतात, पळून गेलेल्यांना फरारी गुलाम ठरवतात. जनावरे दरबारात दाद मागतात. जनावरे आमच्या मालकीची असल्याचे कुराणातच आहे, असा माणसाचा दावा. खेचर उत्तर देते : त्या आयतींत अल्लाहचे उपकार सांगितले आहेत, तुमचा मालकीहक्क नव्हे! मग बैल, उंट, गाढव आपापले हाल सांगतात. ससा तर घोड्यालाच धारेवर धरतो, शिकारीत माणसाला साथ देतो म्हणून. डुकराची अडचण सर्वांत बिकट. मुसलमान त्याला नापाक मानतात, यहुदी तिरस्कार करतात, ख्रिस्ती आवडीने खातात, ग्रीक हकीम त्याची चरबी औषधात घालतात. त्याने जावे कुणाकडे? माणूस कारागिरीचा तोरा मिरवतो, तेव्हा मधमाश्यांचा राजा परकार-पट्टीशिवाय बांधलेल्या षट्कोनी घरांकडे बोट दाखवतो.

हिंस्र श्वापदांचा वकील आहे कलीला नावाचा कोल्हा. हा आपल्या ओळखीचा. पंचतंत्रातले करटक आणि दमनक सहाव्या शतकात बुर्झोईबरोबर इराणात पहलवी भाषेत गेले. आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने त्यांना अरबीत आणले, तेव्हा ते कलीला आणि दिमना झाले. 'इख्वानुस्सफा' हे नावही त्याच ग्रंथातल्या, जाळ्यासकट उडणाऱ्या कबुतरांच्या गोष्टीवरून घेतले असावे, असे अभ्यासक मानतात. ती गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. बसऱ्याचा पत्ता मात्र कुणी सांगत नाही.

खटल्याचा निकाल? माणसाच्या बाजूने. जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर हरलेला माणूस शेवटी आखिरतचा आधार घेतो : आम्हाला अमर आत्मा आहे, हिशेबही आम्हालाच द्यायचा आहे. एवढ्यावर जनावरे पुन्हा त्याच्या ताब्यात जातात. मला हा निकाल कधीच पटला नाही, आणि लिहिणाऱ्यांनाही तो पुरता पटला असेल असे वाटत नाही. माणसाची एवढी झडती निकालासाठी कोण घेईल? हिशेब द्यायचा आहे, हा मुद्दा तर उलट माणसाच्याच गळ्यात पडतो.

१८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इकराम अली यांनी ही कथा उर्दूत आणली. एवढ्या रिसाल्यांमधून त्यांनी निवडली ती हीच.