एफएफएमपेग आणि चौदा वर्षांचा वनवास

मंडळी, रामाचा वनवास चौदा वर्षांचा. सी भाषेच्या १९९९ च्या आवृत्तीलाही विंडोजच्या घरात पाऊल ठेवायला बरोब्बर तेवढीच वर्षं लागली. एफएफएमपेगच्या निमित्ताने त्या वनवासाची ही गोष्ट.

फाब्रिस बेलारने २००० साली हा प्रकल्प सुरू केला. व्हीएलसीवर तुम्ही पिक्चर बघता तेव्हा डीकोडिंगचं बरंचसं काम हाच कोड करतो. तो लिहिलेला सी-९९ मध्ये. जीसीसीला ते चालायचं. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ चं लक्ष मात्र सगळं सी++ कडे, सी साधारण १९८९ वरच अडकलेली. मग काय, मिनजीडब्ल्यूने डीएलएल बनवायची आणि जोडायची. चालायचं छान, पण क्रॅश झाला की व्हिज्युअल स्टुडिओचा डीबगर तिच्या दारातच थांबायचा.

आता अडचण नेमकी काय? एफएफएमपेगमध्ये प्रत्येक कोडेकचं एक स्ट्रक्चर असतं आणि ते फील्डचं नाव घेऊन भरतात. सी-८९ मध्ये ती सोय नाही, निमूट क्रमाने भरायचं. किरकोळ वाटतं ना? नोकरीच्या सुरुवातीला मी हा उद्योग हाताने केलाय. दोन आठवडे! पुढच्या आवृत्तीत स्ट्रक्चरच्या मधोमध एक नवं फील्ड आलं आणि माझे सगळे फंक्शन पॉइंटर एकेक घर सरकले. कंपायलरने वॉर्निंग दिल्या असत्या, पण त्या मीच बंद करून ठेवल्या होत्या :)

असे पॅच एफएफएमपेगवाल्यांकडेही जायचे. कोडमध्ये फार ढवळाढवळ होते म्हणून ते नाकारायचे. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, बरोबर होतं त्यांचं. एका कंपायलरसाठी शेकडो फाइली विद्रूप करायच्या आणि त्या जन्मभर सांभाळायच्या कोणी?

२०१२ मध्ये काही डेव्हलपरांनी वेगळीच वाट काढली. क्लँगची लायब्ररी वापरून एक दुभाष्या लिहिला. तो सी-९९ वाचायचा, त्याचं सी-८९ करायचा आणि व्हिज्युअल सी++ च्या हातात द्यायचा. मूळ कोड जवळपास तसाच! राम येईपर्यंत पादुकांवर कारभार चालला म्हणा ना.

अर्थात दुभाष्या व्याकरण बदलणार, लायब्ररी नाही. एसएनप्रिंटएफचंच घ्या. मायक्रोसॉफ्टचा जुना अवतार बफर भरला की शेवटचं शून्य टाकायचाच नाही, म्हणजे स्ट्रिंग कुठे संपते ते रामच जाणे. त्यासाठी एफएफएमपेगने आपलं स्वतःचं फंक्शन लिहून वेगळ्या फोल्डरात ठेवलं.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ मध्ये नावाने स्ट्रक्चर भरणं आलं, ब्लॉकच्या मध्ये व्हेरिएबल घोषित करणंही आलं. दुभाष्या घरी गेला. धड एसएनप्रिंटएफ यायला २०१५ ची आवृत्ती लागली. व्हेरिएबल लेंग्थ ॲरे अजूनही बाहेरच आहेत, आणि २०११ च्या प्रमाणाने ते ऐच्छिक केल्यामुळे आता त्यांना आत घ्या म्हणून कोणी भांडतही नाही.