पिस्तुलावरची दोन साले

माझे काम धातूंचे. पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि तो कसा तापला, कसा थंड झाला, कुठे दाबला गेला हे ओळखायचे. त्यामुळे 'तुला लोखंडातले कळते' असे मित्रमंडळी धरून चालतात. अशाच एका शाळूसोबत्याचा गेल्या वर्षी फोन आला. "आजोबांचे पिस्तूल आहे. कोणते आहे आणि किती किमतीचे आहे, एवढे बघून दे."

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये जमादार होते. दुसऱ्या महायुद्धाहून परतताना त्यांनी हे पिस्तूल आणले, पुढे परवाना काढला. ते गेल्यावर घरच्यांनी कायद्याप्रमाणे ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले. आता मित्राच्या वडिलांना ते एखाद्या लष्करी संग्रहालयाला द्यायचे होते. सोबतच्या कार्डावरचा मजकूरही त्यांनी लिहून ठेवला होता : 'केरनच्या लढाईत, मार्च १९४१ मध्ये, इटालियन अधिकाऱ्याकडून हस्तगत.' लहानपणापासून ते हीच हकिकत ऐकत आले होते.

केरन हे इरिट्रियातले डोंगराळ ठाणे. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये तिथे इटालियन फौजांशी तुंबळ लढाई झाली आणि तिसऱ्या मराठा बटालियनने तिथली 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी काबीज केली. म्हणजे हकिकतीत अशक्य असे काही नव्हते.

आम्ही विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी आधी मॅगझिन काढले, मग स्लाइड मागे ओढून नळीत काडतूस नाही याची खात्री करून दिली. कितीही जुने शस्त्र असो, पहिली पायरी हीच. 'ते रिकामेच आहे' या सांगण्यावर विसंबायचे नाही. मग पिस्तूल माझ्या हातात आले. तळहाताएवढे, वजनाला पाऊण किलोच्या आत, मुठीच्या पट्ट्यांवर 'पी' आणि 'बी' ही अक्षरे गुंफलेली. स्लाइडच्या डाव्या बाजूला बारीक अक्षरांत कोरीव मजकूर होता. त्यात कारखान्याचे नाव बेरेटा, गावाचे नाव गार्दोने, काडतूस '९ कोर्टो' म्हणजे आखूड ९ मिलिमीटरचे, आणि '१९३४'.

"म्हणजे १९३४ साली बनलेले," मित्र लगेच म्हणाला.

इथेच बहुतेक जण फसतात. हे १९३४ पिस्तूल बनल्याचे साल नव्हे, ते नमुन्याचे म्हणजे मॉडेलचे नाव. त्या नमुन्याची पिस्तुले पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर जे पिस्तूल चालवले गेले, तेही बेरेटाचे याच नमुन्याचे होते. तेव्हा नमुना ओळखला म्हणजे एखाद्या वनस्पतीची जात ओळखली. समोरचे झाड कोणी, कधी लावले, हे त्यावरून कळत नाही.

बनवल्याचे साल त्याच ओळीच्या शेवटी होते आणि गंमत म्हणजे ते दोनदा लिहिलेले होते : आधी १९४२ आणि त्यापुढे रोमन आकड्यातला २०.

हा वीस कसला? मुसोलिनीने ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस रोमवर मोर्चा नेऊन सत्ता हाती घेतली. पुढे त्याच्या राजवटीने त्या घटनेपासून नवी कालगणना सुरू केली आणि सरकारी कागदांवर, इमारतींवर, शस्त्रांवर नेहमीच्या सनाशेजारी हे 'फासिस्ट वर्ष' घालायला लावले. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला होता. नवी राजवट नवी कालगणना आणते, हे जगभर दिसते. आपला शक जानेवारीत न बदलता गुढीपाडव्याला बदलतो, तसे हे इटालियन वर्ष ऑक्टोबरच्या अखेरीस बदलत असे. ऑक्टोबर १९२२ पासून पहिले वर्ष धरले, तर विसावे वर्ष ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस संपते. दोन्ही साले एकत्र वाचली की काळ आणखी नेमका होतो : हे पिस्तूल १९४२ च्या पहिल्या दहा महिन्यांत बनलेले. वर्गात हे गणित घालून पाहा. '१९३७, वर्ष १५' आणि '१९३७, वर्ष १६' या दोन पिस्तुलांपैकी आधीचे कोणते, आणि दुसरे कोणत्या महिन्यांतले?

पण आमच्यापुढे त्याहून अवघड गणित उभे राहिले होते. केरनची लढाई मार्च १९४१ ची आणि पिस्तूल १९४२ चे. जी वस्तू अजून बनलीच नव्हती, ती कोणाकडून हस्तगत कशी होणार?

मित्राचा चेहरा उतरला. "शिक्का नंतर कोणी मारला असेल तर?" त्याने विचारले. शंका रास्त होती. पुरावा नकोसा असला म्हणून तो खोटा ठरत नाही, पण तपासायला हवाच. मी भिंगाखाली पाहिले. चौकटीवरचा आणि स्लाइडवरचा नंबर सारखाच होता. म्हणजे एका पिस्तुलाला दुसऱ्याची स्लाइड बसवलेली नव्हती. अक्षरांच्या आसपास कानस फिरल्याच्या खुणा नव्हत्या. शिवाय पृष्ठभागावर यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले होते. युद्धाआधीच्या बेरेटांचे पॉलिश नितळ असते. युद्ध लांबले तशी घाई वाढली आणि पॉलिशवरचा वेळ कमी झाला. म्हणजे धातूही १९४२ कडेच बोट दाखवत होता.

नंबर घासून टाकला असता तरी तो कायमचा गेला असे नसते. ठसा मारताना पोलाद वरवर दबते, आणि त्याखालच्या स्फटिकांची रचनाही विस्कटते. अंक दिसेनासा होईपर्यंत घासले तरी हा विस्कटलेला थर बऱ्याचदा उरतो. क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण लावले, की तो भाग आसपासच्या पोलादाहून वेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला अंक पुन्हा दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ही पद्धत वापरली जाते.

नंबराला एवढे महत्त्व का, हे कलकत्त्यातल्या एका घटनेवरून कळते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. प्रत्येक पिस्तुलाचा कारखान्याचा नंबर कंपनीच्या दप्तरी नोंदलेला होता. पुढे बंगालमध्ये ठिकठिकाणी माउझर सापडत गेली, तेव्हा ती याच ५० पैकी आहेत हे पोलिसांना नंबरावरून ठरवता आले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात हा सगळा हिशेब आहे. क्रांतिकारकांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही आज तोच नंबर उपयोगी पडतो.

आता किमतीचा प्रश्न. लष्करी काडतुसांच्या बोअरवर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी लिलावातले आकडे वाचून इथे हिशेब करण्यात अर्थ नसतो. पण कोणत्या गोष्टींनी मोल वाढते आणि कोणत्या गोष्टींनी घटते, ते सगळीकडे सारखेच आहे. सारे भाग मूळचे, नंबर जुळणारे, खुणा स्पष्ट आणि पृष्ठभाग कारखान्यातून आला तसा असला पाहिजे. मित्राच्या चुलतभावाने पिस्तूल काचेच्या कपाटात शोभावे म्हणून बफिंग करून चकचकीत करायचे सुचवले होते. मी हात जोडले. पिस्तुलाचा काळपट रंग म्हणजे मळ नव्हे. तो लोहाच्या ऑक्साइडचा मुद्दाम आणलेला पातळ थर असतो आणि तांबड्या गंजापासून काही प्रमाणात संरक्षणही करतो. बफिंगने तो जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि यंत्राचे ओरखडेही पुसले जातात. म्हणजे ज्या पुराव्यावरून आम्ही साल ताडून पाहिले, तोच नाहीसा होतो. मऊ कापड आणि तेलाचा हलका हात, एवढे पुरे.

राहिले काकांना सांगणे. मित्र म्हणाला, "कार्ड तसेच राहू दे. कोणाचे काय बिघडते?" मलाही क्षणभर तसेच वाटले. पण संग्रहालयातले कार्ड वाचून उद्या एखादे मूल वहीत टिपून घेणार. आम्ही काकांकडे गेलो.

त्यांनी सारे शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हणजे आमचे अण्णा केरनला नव्हतेच?"

"होते, काका," मी म्हणालो. कारण ट्रंकेतले त्यांचे सेवापुस्तक मित्राने मला आधीच दाखवले होते. त्यात इरिट्रियाची नोंद होती आणि पुढे इटलीचीही. तिसरी बटालियन १९४४ मध्ये इटलीत लढली. कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अण्णा तेव्हा त्याच बटालियनमध्ये होते.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते बर्फाचे सांगायचे. बर्फात पाय सुजल्याचे. मला वाटायचे, आफ्रिकेत कसला बर्फ! पण विचारले नाही कधी."

पिस्तूल इटलीतच मिळाले, असेही मी ठामपणे म्हणणार नाही. ठशावरचे साल एवढेच सांगते की १९४२ च्या आधी नाही. नंतर केव्हा, ते सांगत नाही. उत्खननात सापडलेल्या नाण्याचेही तसेच असते. ज्या थरात नाणे सापडले, तो थर नाण्याहून जुना नसतो, नवा मात्र कितीही असू शकतो. आणि ते 'इटालियन अधिकाऱ्याकडून' मिळाले, हेही आता धरता येत नाही. १९४४ मध्ये इटलीत समोर मुख्यतः जर्मन होते आणि बेरेटा पिस्तुले त्यांच्याही हाती होती.

नवे कार्ड काकांनीच लिहिले : 'बेरेटा, नमुना १९३४. निर्मिती १९४२. इरिट्रिया आणि इटली येथे लढलेल्या मराठा जमादाराने युद्धाहून आणलेले.' आधीच्यापेक्षा यात शौर्याची झाक कमी असेल, पण खोडावा असा एकही शब्द नाही.

शाळेत पिस्तूल आणता येत नाही आणि आणूही नये. पण नाणी आणता येतात. मुलांना खिशातली नाणी काढायला सांगा आणि सालाखाली भिंगाने पाहायला लावा. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. मग विचारा : हे नाणे तुमच्यापर्यंत केव्हा आले, हे त्याच्यावरून सांगता येईल का? आणि काय केव्हाच घडलेले नसणार, हे सांगता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त पक्के असते, हे मुलांना लवकर उमगते. आम्हाला ते उमगायला एक पिस्तूल लागले.