दात साहेबाचे, केस कुणाचे?

दोस्तांनो, इतिहास म्हटला की आपल्याला सत्याग्रह आठवतात, परिषदा आठवतात, मोर्चे आठवतात. आठवायलाच पाहिजेत. पण आज मी डुकराच्या केसांचा इतिहास सांगणार आहे. नाक मुरडू नका. नाक मुरडण्याचाच हा इतिहास आहे.

खारदांड्याला कोळीवाडा ओलांडून चुईम गावाकडं वळलं की ख्रिस्ती लोकांची जुनी कौलारू घरं लागायची. लग्न ठरलं की अंगणात डुक्कर पडायचं. लहानपणी आम्ही पोरं कुंपणावर बसून बघायचो. डुक्कर मेलं की माडाच्या सुक्या झावळ्या पेटवायचे आणि जाळ अंगावरून फिरवायचे. हे काम करायला एक माणूस बाहेरून यायचा. त्याचं पाल कुठंतरी रुळांच्या कडेला. जाळ एका जागी थांबू द्यायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक. थांबला तर कातडं फुटतं, चरबी गळते. केस जळून काळे झाले की ओलं गोणपाट टाकायचा, कातडं मऊ करायचा आणि बोथट सुरीनं खरवडायचा. खूर गरम असतानाच पिळून उपटायचा. कानाच्या आतलं, हनुवटीखालचं, खुरांच्या बेचक्यातलं सगळ्यात शेवटी. तासाभरात काळंकुट्ट जनावर पिवळसर, गुळगुळीत व्हायचं. मग त्याला पाणी दिलं जायचं, वरून ओतून, ओंजळीत.

आणि कुंपणावरचे आम्ही? बुद्ध, धम्म, संघाला शरण गेलेल्या आयबापांची पोरं. आम्ही त्याला "ए डुकऱ्या" म्हणून ओरडायचो. हे मी विसरलेलो नाही. म्हणून हा लेख.

आधी कामाचं बोलू, कारण ज्याला आपण घाण म्हणतो ते काम काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. बकरं सोलतात, डुकराचे केस काढतात. का? बकऱ्याच्या कातड्याला बाजार आहे, ते चामड्याला जातं. डुकराचं कातडं खालच्या चरबीला चिकटून असतं आणि ते चरबीसकट खातात. म्हणून कातडं ठेवायचं, केस घालवायचे. त्याच्या दोन रीती, आग आणि पाणी. पाणी उकळतं नको. साठ-पासष्ट अंशांचं, म्हणजे हात झटकन बुडवून काढता येईल, पण ठेवता येणार नाही इतकं. उकळतं ओतलं की कातडं आवळतं आणि केस जास्तच घट्ट बसतात. रानडुकराचे केस राठ, मानेपासून पाठीवर ताठ आयाळ. त्याला आगच बरी. हे ज्ञान आहे, दोस्तांनो. कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. हातातून हातात आलेलं आहे.

आणि वास? केस जळाले की तसा वास येणारच. केसात गंधक असतो, माणसाच्याही असतो. खाटकाच्या दुकानामागं बकऱ्याची मुंडी आणि पाय भाजतात तेव्हा हाच वास येतो. ती मुंडी पिशवीत घालून सभ्य माणूस घरी नेतो. त्याला कुणी नाव ठेवत नाही. म्हणजे घाण केसात नाही, वासात नाही. मग कुठं आहे?

ती पोथीत आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जी मनुस्मृती जाळली तिचा तिसरा अध्याय काढा. श्राद्धाला वराहाचं मांस घातलं तर पितर दहा महिने तृप्त होतात असं तिथं आहे. आता पाचवा अध्याय काढा. गावात फिरणारं डुक्कर जाणूनबुजून खाल्लं तर द्विज पतित होतो. जनावर एकच! रानडुक्कर आणि गावडुक्कर प्राणिशास्त्रानं एकाच जातीची. गावडुक्कर माजावर आलं की रानातला नर येऊन पिल्लं देऊन जातो. पण रानातला वराह पितरांच्या पानात, देवाच्या दशावतारात आणि राजाच्या शिकारीत. गावातला मात्र विटाळ. जनावरालाही या लोकांनी वर्ण दिला. मग त्याच्यामागं फिरणाऱ्या माणसाला सोडतील होय?

पुढं साहेब आला. त्यानं घोड्यावर बसून भाल्यानं रानडुक्कर मारण्याचा खेळ केला. दख्खनमध्ये हा खेळ फार चालायचा. भाल्याच्यासुद्धा दोन तऱ्हा होत्या. बंगालचा आखूड, वरून खुपसायचा; मुंबई इलाख्याचा लांब, खालून धरायचा. पुढं बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलनं १८८९ साली या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं. नियम असा की ज्याच्या भाल्याला पहिलं रक्त लागेल, सुळे त्याचे. पण डुक्कर झाडीतून बाहेर कोण काढायचं? हाकारे. डबे-काठ्या बडवत काट्याकुट्यातून अनवाणी जाणारी गावची माणसं. जखमी डुक्कर उलटलं तर आधी कुणाच्या मांड्या फाटायच्या ते सांगायला नको. सुळे बंगल्याच्या भिंतीवर गेले. केस भाजणाऱ्याचं नाव कुठल्या पुस्तकात आलं?

आता केसांकडं या. जिथं केस विकले जातात तिथं ते जाळत नाहीत. मानेवरचे, पाठीवरचे लांब ताठ केस आधी उपटून घेतात, मग उरलेलं जनावर भाजतात. डुकराच्या केसाचं टोक फाटलेलं असतं, त्याला बारीक फाटे असतात. त्यामुळं तो रंग धरून ठेवतो. म्हणून रंगाऱ्याच्या आणि चित्रकाराच्या कुंचल्याला हा केस लागतो. धुवायचे, लांबीप्रमाणं निवडायचे, रंगाप्रमाणं वेगळे करायचे, सगळी मुळं एका बाजूला आणून जुड्या बांधायच्या. कानपूरच्या खटिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यात मोठा धंदा उभा केला. त्यांचा माल लंडनच्या बाजारात जायचा. दुसऱ्या महायुद्धात चीनचा माल अडला तेव्हा युद्ध खेळणाऱ्या देशांना डुकराच्या केसाची टंचाई जाणवली, कारण जहाजं रंगवायला ब्रश पाहिजेत. ज्या केसाला गावात शिवत नाहीत तो साम्राज्याच्या लढाईचा माल झाला.

आणखी एक गंमत ऐका. नायलॉनच्या केसांचा दात घासायचा ब्रश अमेरिकेत १९३८ साली आला. त्याआधी ब्रशाला केस कशाचे होते? बहुतेक डुकराचेच. म्हणजे इंग्रजी शिकून सोवळ्यात ब्रश नेणाऱ्या कित्येकांच्या तोंडात रोज सकाळी डुक्कर होतं! तोंड बाटलं नाही. केस विलायतेला जाऊन, हाडाच्या दांडीत बसून, डबीतून परत आले की शुद्ध होतात. ते उपटणारा हात मात्र होता तिथंच राहतो. जातिव्यवस्था म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मोठा ग्रंथ काढू नका. हा ब्रश दाखवा.

तो हात कुणाचा? महाराष्ट्रात डुक्कर पाळणारे, पकडणारे, भाजणारे म्हणजे कैकाडी, वडार, मांग-गारुडी यांच्यातली माणसं. कैकाड्यांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. त्या कायद्याची सुरुवात १८७१ ची. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, हजेऱ्या घेतल्या. मुंबई सरकारनं १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे या वसाहतींचेच अधिकारी, आणि बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. शिक्का गेला का? विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच आईची दोन लेकरं, एकाला एक कागद, दुसऱ्याला दुसरा.

शहरानंही त्याला सोडलं नाही. १८८८ च्या महापालिका कायद्यानं आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाळायला मनाई. १९५० साली आमचा उपनगराचा भाग मुंबईत आला आणि खारदांड्यालाही तोच कायदा लागला. वांद्र्याचा कत्तलखाना जाऊन १९७१ साली देवनारचा सुरू झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा ठरलं. आरोग्यासाठी, जंगलासाठी कायदे लागतात, त्याला माझी ना नाही. पण अंगणातलं डुक्कर गेलं तेव्हा भाजणाऱ्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवला? पालिकेची गाडी डुकरं धरायला आली तेव्हाही आधी त्याचीच पालं उठली.

आता आपल्याकडं वळतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपल्या आज्यांनी ते ऐकलं, उपाशी राहून ऐकलं. ती क्रांती होती. कारण ते मांस आवडीचं नव्हतं, लादलेलं होतं. गावानं फेकलेलं होतं. पण त्या क्रांतीतून आपण एक चुकीचा धडाही गिरवला. आपण स्वच्छ झालो म्हणजे कुणीतरी घाणेरडा उरलाच पाहिजे, असं आपल्याला वाटायला लागलं. "आम्ही डुक्कर खात नाही" हे वाक्य आपल्या आळीत किती अभिमानानं बोललं जायचं! बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. प्रत्येकाला पाय ठेवायला खाली एक डोकं.

नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री' आपण सगळ्यांनी पाहिला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. त्यात मेलेलं डुक्कर बांबूला बांधून जब्याच्या घरची माणसं शाळेच्या भिंतीजवळून जातात आणि भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र असतं. आपण टाळ्या वाजवल्या, रडलो. पण मला कुंपण आठवलं. जब्याचा दगड पडद्यातून आला तेव्हा तो फक्त पाटलाच्या पोरांकडं आला असं समजू नका.

कुणी म्हणेल, मग काय परत डुक्कर भाजायला बसायचं? नाही बाबांनो. ज्याला हे काम सोडायचंय त्याला सोडता आलं पाहिजे, त्याच्या पोरीला कॉलेजात जाता आलं पाहिजे. ज्याला करायचंय त्याला परवाना, भांडवल आणि बाजारभाव मिळाला पाहिजे. आणि दोघांनाही पाणी भांड्यातून मिळालं पाहिजे, ओंजळीत नाही.

तथागतांचं शेवटचं जेवण चुंद नावाच्या लोहारानं वाढलं. त्यातला 'सूकरमद्दव' हा पदार्थ डुकराचं मांस होतं की आणखी काही, यावर विद्वान अजून भांडतात. भांडू द्या. तथागतांनी त्या जेवणानंतर आनंदाला सांगितलं, चुंदाला कुणी दोष देऊ नये. माझ्या दृष्टीनं त्या जेवणातलं मोठं तेवढंच.

येत्या १४ एप्रिलला मिरवणूक काढाल, जरूर काढा. पण एक दिवस आधी आपल्या भागातल्या कैकाड्यांच्या, वडारांच्या, मांग-गारुड्यांच्या वस्तीत जा. भाषण ठोकू नका. बसा. त्यांच्या घरचं पाणी प्या. त्यांच्या म्हाताऱ्यांना विचारा, जाळ किती धरायचा, पाणी किती तापवायचं, केस कुणाला विकायचा, पैसे कोण बुडवायचा. लिहून घ्या, कारण ती माणसं चाललीत. आणि त्यांचं लिहिलेलं याच पानांवर छापू.

त्या दिवशी मी कुंपणावर होतो. आता उतरायचं आहे.

जयभीम.