प्राचीन थ्रेसचे लोक

एजियन समुद्रापासून उत्तरेस डॅन्यूब नदीपर्यंत आणि कांहीं ठिकाणीं तिच्याही पलीकडे प्राचीन काळीं थ्रेशियन लोकांची वस्ती होती. आजचा बल्गेरिया, ग्रीसचा ईशान्य कोपरा आणि तुर्कस्तानचा युरोपांतील भाग, एवढा हा मुलूख. हिंदी श्रोत्यांना या लोकांविषयीं कुतूहल वाटावें असा एक उल्लेख हिरोडोटसच्या इतिहासांत आढळतो. जगांत हिंदी लोकांच्या खालोखाल संख्येनें मोठे लोक थ्रेशियनच, असें तो सांगतो. आणि पुढें म्हणतो कीं, ते एका राजाच्या छत्राखालीं आले असते किंवा निदान एका विचारानें वागले असते, तर त्यांच्यापुढें कोणाचाच टिकाव लागला नसता. पण तसें कधीं घडेल हें त्याला अशक्यच वाटत होतें.

त्यांच्या जमाती पुष्कळ. डॅन्यूबच्या कांठीं गेटी, रोडोपी पर्वतांत बेसी, वायव्येस ट्रिबली, स्ट्रायमन नदीच्या परिसरांत एडोनी, आणि मधल्या सुपीक मैदानांत ओड्रिसी. प्रत्येकीची रीत निराळी. ट्रॉसी नांवाच्या जमातींत मूल जन्मास आलें कीं आप्तेष्ट त्याच्या भोंवतीं बसून, त्याच्या वांट्यास येणारीं दुःखें मोजीत शोक करीत. आणि मनुष्य मेला म्हणजे तो सुटला म्हणून आनंदानें त्याला पुरीत. गेटी लोक स्वतःस अमर समजत. आपल्या झाल्मॉक्सिस देवाकडे निरोप पाठवावयाचा झाल्यास ते चिठ्ठ्या टाकून एक दूत निवडीत व त्याला उंच उडवून भाल्यांच्या टोंकांवर झेलीत. दूत मेला तर देव प्रसन्न! वांचला तर तो मनुष्यच वाईट, असें ठरवून दुसरा पाठवीत. दुसऱ्या एका जमातींत पति मरण पावला कीं त्याची सर्वांत आवडती पत्नी कोणती यावर बायकांत चुरस लागे, आणि जी ठरे तिचा गौरव करून तिला पतीच्या थडग्यावर मारीत. आपल्याकडील सतीच्या चालीची येथें कोणासही आठवण होईल. मात्र या हकीकती सांगणारा ग्रीक आहे, हें ऐकणाऱ्यानें विसरूं नये. थ्रेशियनांनीं स्वतःचा इतिहास लिहिला नाहीं.

एकी साधण्याच्या सर्वांत जवळ आले ते ओड्रिसी. इराणी सत्ता युरोपांतून मागें हटल्यावर टेरीस राजानें हें राज्य उभारलें, आणि त्याचा पुत्र सिटाल्सीझ यानें इ. स. पूर्वीं ४२९ मध्यें मॅसिडोनियावर स्वारी केली. थ्युसिडायडीझ सांगतो कीं, सैन्य दीड लक्ष असल्याचें बोललें जाई व त्याचा सुमारें तिसरा हिस्सा घोडदळाचा होता. सारा ग्रीस धास्तावला. पण ज्या अथेन्सच्या मैत्रीखातर हा राजा निघाला होता, त्यानें आरमार पाठविलेंच नाहीं. राजा येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता! इकडे थंडी पडली, धान्य संपलें, आणि शत्रूनें राजाच्या पुतण्यास, स्यूथीझला, आपली बहीण व द्रव्य देऊं करून गुप्तपणें वश केलें. पुतण्याच्या सल्ल्यानें तीस दिवसांत सैन्य परतलें. घरभेदाची ही रीत आपल्या इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहीं.

अथेन्सचा व थ्रेसचा दुसरा एक प्रसंग याहून वाईट आहे. इ. स. पूर्वीं ४१३ मध्यें डिई जमातीचे १३०० भाडोत्री सैनिक सिसिलीच्या मोहिमेसाठीं अथेन्सला आले, परंतु उशिरा. रोज एका द्राख्माप्रमाणें त्यांना पोसणें परवडेना, म्हणून त्यांना परत धाडण्यांत आलें. सोबत डिइट्रेफीझ हा अथेनियन सरदार दिला आणि वाटेंत शत्रूच्या मुलखाची नासधूस करण्याची त्यास आज्ञा होती. पहांटे ते मिकॅलेसस नांवाच्या लहान गांवांत शिरले. तट पडका, वेशी उघड्या. त्यांनीं माणसें मारलीं, गुरेंही मारलीं, आणि गांवच्या सर्वांत मोठ्या शाळेंत मुलें नुकतींच येऊन बसलीं होतीं, तीं सारीं कापलीं. ज्याच्या पित्याचें ओलोरस हें नांवच थ्रेशियन, तो थ्युसिडायडीझ हें लिहितांना थ्रेशियनांच्या रक्तपिपासेवर ठपका ठेवतो. मला मात्र आज्ञा देणाऱ्यांचा वांटा लहान वाटत नाहीं. सुसंस्कृत नगरानें तलवारी भाड्यानें घेतल्या आणि त्यांवरील डाग रानटी लोकांच्या नांवें लागला.

पुढें मॅसिडोनियाच्या फिलिपनें हा देश जिंकला आणि इ. स. ४६ मध्यें तो रोमचा प्रांत झाला. रोमला हादरविणारा गुलाम स्पार्टाकस हाही थ्रेशियनच होता.

त्यांच्या स्वतःच्या बाजूनें बोलतात तीं त्यांचीं थडगीं. १९४४ मध्यें बल्गेरियांत काझानलूक येथें सैनिकांच्या खोदकामांत एक समाधि सांपडली. तिच्या घुमटाच्या आंतल्या अंगास रंगीत चित्रें आहेत. रथ, घोडे, सेवक यांच्या मध्यभागीं पतिपत्नी बसलीं आहेत. तिनें मान किंचित् खालीं घातली आहे आणि दोघांनीं एकमेकांचा हात धरला आहे. हिरोडोटस वाचल्यानंतर हें चित्र जरूर पाहावें. जवळच १९४८ मध्यें धरण बांधतांना तिसऱ्या स्यूथीझची राजधानी स्यूथोपोलिस सांपडली. उत्खनन झालें, आणि मग धरण भरलें. तें नगर आज पाण्याखालीं आहे.

भाषेचें मात्र फारसें कांहींच उरलें नाहीं. गांवांचीं व नद्यांचीं नांवें, व्यक्तींचीं नांवें आणि मूठभर कोरीव लेख. १९१२ मध्यें एझेरोव्हो येथें एक सोन्याची अंगठी मिळाली. तिच्यावर ग्रीक लिपींत, शब्द न तोडतां, ६१ अक्षरें कोरलेलीं आहेत. लिपि कोणासही वाचतां येते. अर्थ अनेक पंडितांनीं लावला; पण त्यांतल्या दोघांचें एकमत होत नाहीं.