गाजरगवत आणि गव्हाची कथा : एका आक्रमक वनस्पतीच्या इतिहासाची फेरतपासणी

रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शेताच्या बांधावर आणि शहरातील मोकळ्या भूखंडांवर उगवणाऱ्या गाजरगवताला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘काँग्रेस गवत’ हे नाव आजही रूढ आहे. या नावाची उपपत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एका मतानुसार या वनस्पतीची पांढरी फुले गांधी टोपीची आठवण करून देतात, म्हणून हे नाव पडले. दुसऱ्या मतानुसार काँग्रेस शासनाच्या काळात अमेरिकेतून पी. एल. ४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी भारतात आले. ही दुसरी कथा इतकी सर्वमान्य झाली आहे की शेतीविषयक लेखनातही ती पुराव्याची विचारणा न होता उद्धृत केली जाते. प्रस्तुत निबंधात या कथेची कालक्रमाच्या आधारे तपासणी केली आहे. या तणाच्या आगमनाच्या कथेने त्याच्या प्रसाराचा इतिहास झाकून टाकला आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

कालक्रमाचा प्रश्न

गाजरगवत, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस, ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती होय. पुण्यातील तिच्या अस्तित्वाची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भारतातील नवी वनस्पती म्हणून केलेली ही नोंद पुढील सर्व चर्चेचा आरंभबिंदू ठरली. तथापि पुण्यातील उकिरड्यांवर या वनस्पतीची तुरळक झाडे प्रा. परांजपे यांनी १९५१ मध्येच पाहिली होती, असा उल्लेख वनस्पतिशास्त्रीय वाङ्मयात आढळतो. अमेरिकेत पी. एल. ४८० हा कायदा जुलै १९५४ मध्ये संमत झाला आणि भारताशी त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. म्हणजे ज्या योजनेच्या माथी हे तण मारले जाते, ती योजना अस्तित्वात येण्यापूर्वीच तण पुण्यात उगवलेले होते.

यावरून अमेरिकन धान्य सर्वस्वी निर्दोष ठरते, असे मात्र नाही. अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेने जून १९५१ मध्ये भारतासाठी कर्जरूपाने २० लाख टन धान्याची तरतूद केली होती. त्यातून किंवा अन्य आयातीतून बी आले असणे शक्य आहे. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या बाजूला विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ मधील ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या वनस्पतियादीत या वनस्पतीचे नाव आहे, आणि देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील १८८० चा एक नमुनाही अभ्यासकांनी निदर्शनास आणला आहे. अर्थात उद्यानाच्या यादीत किंवा नमुनासंग्रहात असणे वेगळे आणि रानात तण म्हणून माजणे वेगळे. या जुन्या नोंदींतून एवढेच सिद्ध होते की ही वनस्पती भारतात एकदाच आणि एकाच वाटेने आली, असे गृहीत धरता येत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात तिच्या एका आगमनाचा माग टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यापर्यंत लावता आला. पुण्याबाबत तसा माग लागलेला नाही.

मग गव्हाचीच कथा का टिकली? १९६० च्या दशकाच्या मध्यातील टंचाई, रेशनवरचा तांबडा गहू, पुढे १९७२ च्या दुष्काळातील मिलो, या आठवणी महाराष्ट्राच्या एका संपूर्ण पिढीच्या मनात अपमानाच्या भावनेसह रुतल्या आहेत. गाजरगवत गावोगाव दिसू लागले तेही याच वर्षांत. परक्याच्या दारचे धान्य आणि परके तण ही जोडी लोकस्मृतीने जुळवली. त्या स्मृतीला स्वतःचे ऐतिहासिक मूल्य आहे, परंतु तिच्यावरून वनस्पतीचा प्रवास ठरवता येत नाही.

प्रसाराच्या वाटा

पुण्यातील उकिरड्यांवरची झाडे दोन-अडीच दशकांत देशाच्या बहुतेक भागांत पोहोचली, ती गव्हाच्या जहाजातून नव्हे. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देते, आणि उगवल्यापासून साधारण महिनाभरात फुलावर येते. बी अत्यंत हलके असते. ते पाण्याबरोबर वाहते, चाकांच्या चिखलाला चिकटते, वाळू-मुरुमाच्या ट्रकमधून जाते, तसेच अर्धवट कुजलेल्या शेणखतातून थेट शेतात पडते. जिथे मूळचे गवत खरवडले गेले आहे, तिथे ते सर्वप्रथम रुजते. दुष्काळी कामांवर झालेले रस्ते, पाझर तलाव, कालव्यांचे भराव आणि अतिचराईने उघडी पडलेली गायराने यांनी त्याला मोकळी जमीन पुरवली, असे अनुमान करण्यास जागा आहे. दख्खनच्या पठारावरील गवताळ माळ हे शासकीय दप्तरात बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदले गेले. त्यामुळे तेथील चाऱ्याची गवते हटून गाजरगवत माजले, तेव्हा काही हरवले आहे याची नोंद घेणारा रकानाच उपलब्ध नव्हता.

माणसांच्या बाबतीत मात्र नोंद झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी गाजरगवताच्या संपर्कातून होणाऱ्या त्वचादाहाच्या रुग्णांविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले. या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य त्याला प्रामुख्याने कारणीभूत असते. शेतात खुरपणी बहुतांशी मजूर स्त्रिया करतात आणि त्यांच्या हाती मोजे क्वचितच असतात. ‘फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे’ हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे. तो कोणाच्या हातांनी अमलात यायचा, याविषयी मात्र बहुतेक पत्रके मौन बाळगतात.

व्यवस्थापनाचे प्रयत्न

भारतात १९१४ पासून विनाशक कीटक व पीडा कायदा लागू होता; तथापि त्याचा रोख मुख्यतः कीटक व बुरशी यांवर होता. आयातीसंदर्भात तणांची स्वतंत्र यादी २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशात आली. कर्नाटकाने १९७५ मध्ये गाजरगवताला उपद्रवी तण घोषित केले. पण गावाची, नगरपालिकेची, रेल्वेची आणि बांधकाम खात्याची जमीन एकमेकींना लागून असताना एकाने उपटायचे आणि शेजारच्याने फुलू द्यायचे, अशी स्थिती सर्वत्र राहिली.

यापेक्षा निराळा मार्ग जैविक नियंत्रणाचा. मेक्सिकोतून १९८३ मध्ये झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळूर येथे आणण्यात आला. विलग्नवासात ठेवून अनेक पीकवनस्पतींवर त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये तो सोडण्यात आला. ‘मेक्सिकन भुंगा’ म्हणून तो पुढे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही परिचित झाला. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने फस्त करतो. कोरड्या ऋतूत जमिनीत सुप्त राहतो. ओलिताखालील तण मात्र त्या काळातही वाढतच असते, ही या उपायाची मर्यादा होय.

१९९० च्या दशकाच्या आरंभी हा भुंगा सूर्यफुलाची पाने खात असल्याची तक्रार पुढे आली. शासनाने चौकशी समिती नेमली, भुंगा सोडण्याचे काम थांबले. सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले असता भुंगा ती पाने खाण्यास प्रवृत्त होतो, असे प्रयोगांत दिसून आले. एका भुंग्याला देशात येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही इतक्या चौकश्यांना सामोरे जावे लागले. ज्या वनस्पतीसाठी त्याला आणले, तिच्या पुण्यातील पहिल्या झाडाचे बी कोठून आले, हा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे.