तळटीप १७ : ‘गरुडापाशी भेटू’

१७. गरुडापाशी भेटू : फिलाडेल्फियातील जॉन वॉनामेकर (१८३८–१९२२) यांच्या बहुमजली दुकानाच्या मधल्या चौकातला ब्राँझचा गरुड. भेटीसाठी शहरात हीच खूण सांगण्याचा प्रघात होता. पत्रलेखकही तेच करतो आहे. जर्मन शिल्पकार आउगुस्ट गाउल (१८६९–१९२१) याच्या आराखड्यावरून हा गरुड फ्रँकफुर्टमध्ये घडवला गेला. १९०४ च्या सेंट लुइस जागतिक प्रदर्शनात तो जर्मनीतर्फे मांडला होता; तेथून वॉनामेकर यांनी विकत घेतला. वजन सुमारे १,१०० किलो; ते पेलण्यासाठी खालच्या जमिनीला जादा तुळयांचा आधार द्यावा लागला. पिसे सुमारे ५,०००, हाताने घडवून एकेक बसवलेली. पैकी १,६०० एकट्या डोक्यावर.

गरुड जर्मन साम्राज्याच्या राजचिन्हात होता आणि १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवरही आहे. त्यामुळे जर्मन कारागिरीचा हा नमुना अमेरिकनांना आपलाच वाटला. आरशांच्या चौकटी, घड्याळे, ध्वजदंड यांवर सोनेरी गरुड बसवण्याची हौस तिथे आधीपासून होतीच. पुढच्या ओळीत पत्रलेखक त्याला ‘विष्णूचे वाहन’ म्हणतो ती निव्वळ थट्टा. या शिल्पाचा आपल्या पुराणांशी संबंध नाही. दुकानाची मालकी पुढे बदलत गेली. या वास्तूतले शेवटचे मोठे दुकान मार्च २०२५ मध्ये बंद झाले. — संपा.