सहा वाजून तेरा मिनिटे

मार्च १९९५. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लफबरो विद्यापीठातल्या जिम हॉर्न आणि लुईझ रेनर या झोपेवर संशोधन करणाऱ्या दोघांचा निबंध छापून येतो. त्यांनी पोलिसांच्या अपघात-नोंदी तपासल्या आहेत. नैऋत्य इंग्लंडमधल्या मोठ्या रस्त्यांवर ज्या अपघातांना पोलीस धावून गेले, त्यांतले १६ टक्के झोपेमुळे झालेले. मध्य इंग्लंडच्या मोटरवेंवर हेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर. हे अपघात दिवसभर सारखे पसरलेले नाहीत. रात्री दोन, सकाळी सहा आणि दुपारी चार या तीन वेळांच्या आसपास ते वाढतात.

यातली मधली वेळ लक्षात ठेवावी.

मंगळवार, २७ फेब्रुवारी २००१. रात्री दहाच्या सुमारास. पूर्व इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये ३६ वर्षांचा एक बांधकाम व्यावसायिक आपल्या घरी फोनवर बोलतो आहे. पलीकडे आहे काही दिवसांपूर्वी इंटरनेटवरून ओळख झालेली एक स्त्री. दोघं अजून प्रत्यक्ष भेटलेले नाहीत. उद्या पहाटे त्याला वायव्येकडच्या विगन गावी कामासाठी निघायचं आहे. म्हणजे देश जवळजवळ आडवा ओलांडायचा. आत्ता फोन ठेवला तर सहा तासांची झोप सहज मिळते.

फोन चालू राहतो.

मध्यरात्र. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागं, तितका साठा मोठा आणि तितकी झोपेची ओढ जास्त. त्याचा निचरा झोपेतच होतो. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत सतरा तास जाग्या माणसांचा प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतका मंदावलेला आढळला. चोवीस तास जागरणानंतर तो ०.१ टक्क्यापर्यंत पोहोचतो. इंग्लंडमध्ये वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे. मद्यासाठी फुंकून पाहायचं यंत्र पोलिसांकडे असतं. झोपेसाठी नसतं.

हा माणूस त्या रात्री प्यायलेला असता, तर गाडीला हात लावण्याआधी त्याने कदाचित दोनदा विचार केला असता. जागरणाची मात्र आपल्याकडेही फुशारकीच मारली जाते. “रात्रभर गाडी हाणली, सकाळी साताऱ्यात नाश्त्याला” हे वाक्य कौतुकाने सांगितलं जातं आणि कौतुकाने ऐकलं जातं. या माणसाने पुढे पोलिसांना सांगितलं ते याच जातीचं होतं: त्याला अशा जागरणांची सवय आहे, त्याचं आयुष्यच वेगवान आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी. पहाटे तीनच्या सुमारास. फोन संपतो. संभाषण साधारण पाच तास चाललं. निघायला अजून वेळ आहे. दीड तासाची झोप पुरेशी नसते, पण शून्यापेक्षा पुष्कळ बरी असते. दुसरा मार्ग म्हणजे विगनला फोन करून दोन तास उशिरा येतो असं कळवणं. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार तो या वेळातही झोपला नाही.

पहाटे ४:४५. न्यूकॅसल स्थानकातून लंडनच्या किंग्ज क्रॉसला जाणारी इंटरसिटी २२५ सुटते. नऊ डबे. ९१०२३ क्रमांकाचं विजेचं इंजिन सगळ्यात मागे आहे आणि गाडी ढकलतं आहे. सगळ्यात पुढे चालकाची केबिन असलेला सामानाचा डबा. हा पुढचा डबा इंजिनापेक्षा बराच हलका असतो. एरवी या फरकाने काही बिघडत नाही.

पहाटे पाचच्या आत. लँड रोव्हर डिफेंडर घरातून निघते. मागे ट्रेलर, ट्रेलरवर एक मोटार. थंडी कडक आहे आणि बाहेर गडद अंधार. माणसाच्या शरीराचं तापमान चोवीस तासांत सर्वांत खाली जातं ते याच सुमारास. मेंदूतलं जैविक घड्याळ या वेळी सावधपणा तळाला नेतं, मग आदल्या रात्री झोप झालेली असो वा नसो. इथे तर ती झालेलीच नाही. दोन्ही ओझी एकाच वेळी एकाच माणसावर आहेत.

साडेपाचच्या आसपास. या तासाभरात त्या गाडीत काय घडलं, ते पाहणारं कोणी नव्हतं. अशा तासाभरात काय घडतं ते मात्र नीट माहीत आहे.

झोप न सांगता येत नाही. हॉर्न आणि रेनर यांनी सिम्युलेटरवर झोप अपुरी झालेल्या चालकांना बसवून पाहिलं, तेव्हा गाडी लेन सोडू लागण्याआधी आपल्याला पेंग येते आहे, हे त्यांना कळत होतं. जांभया येतात. पापण्या जड होतात. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. वळणाची पाटी वाचायची राहते. गाडी पांढऱ्या पट्टीवर जाते आणि झटक्याने परत येते. माणूस काच खाली करतो, रेडिओ मोठा करतो. आपल्याकडचा चालक तोंडावर पाणी मारतो, तंबाखूचा बार भरतो. काच आणि रेडिओ त्या संशोधकांनी मोजून पाहिले. फार तर काही मिनिटांचा परिणाम, तोही थोडाच. खरं तर काच खाली करणं हीच कबुली आहे. चालकाला कळलेलं असतं, म्हणूनच तर तो काच खाली करतो.

उपाय साधा आणि स्वस्त आहे, आणि तोही याच प्रयोगशाळेत तपासला गेला. सुरक्षित जागी थांबायचं, महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर नाही. दोन कप कडक कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॅफीनचा असर दिसायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे डुलकी संपते तेव्हा ते कामाला लागलेलं असतं. डुलकी लांबवायची नाही, नाहीतर गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू बराच वेळ बधिर राहतो. एकूण खर्च अर्ध्या तासाचा. यानेही रात्रभराची झोप भरून निघत नाही, तासा-दोन तासांची मुदत मिळते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये हा सल्ला आहे. दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटं थांबा आणि मध्यरात्र ते सकाळी सहा लांबचा प्रवास टाळा, हेही त्यातच आहे.

भारतात १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत बस-ट्रकच्या चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगत होता. तो किती पाळला जात होता, ते रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये केबिनजवळची सीट मिळालेल्याला विचारावं. पण पाळला गेला तरी तो नोकरीवरच्या चालकापुरता. स्वतःच्या गाडीत स्वतःच्या कामाला निघालेल्या माणसाचे तास कोणी मोजत नाही. विगनला निघालेला हा माणूस स्वतःच चालक होता आणि स्वतःच मालक.

लँड रोव्हर थांबत नाही.

सहाच्या सुमारास. इंटरसिटी यॉर्क सोडून दक्षिणेला निघते. यॉर्कहून आणखी प्रवासी चढले आहेत. बरेचसे लंडनला दिवसभराच्या कामासाठी निघालेले.

समोरून, शेजारच्या रुळावरून, इमिंगहॅम बंदरातून फेरीब्रिज वीजकेंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी येते आहे. डिझेल इंजिन क्रमांक ६६५२१. केबिनमध्ये दोघं, चालक आणि प्रशिक्षक. ती वेळापत्रकाच्या पुढे धावते आहे. एरवी मालगाडी लवकर पोहोचली तर कोणाचीच तक्रार नसते.

लँड रोव्हर एम-६२ मोटरवेवर पश्चिमेला जाते आहे. पुढे ग्रेट हेक नावाच्या लहान गावाजवळ हा रस्ता पुलावरून रेल्वेमार्ग ओलांडतो. पुलाला कठडा आहे, पुलाच्या थोडं आधी सुरू होणारा संरक्षक कठडाही आहे.

६:१२. लँड रोव्हर डावीकडे सरकू लागते. वळण नाही, अडथळा नाही. ब्रेकच्या खुणा नंतर रस्त्यावर मिळाल्या नाहीत. ताशी ९५ किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २६ मीटर जाते, चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त. गाडी कडेची पट्टी ओलांडते, कठडा सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागेतून गवतावर उतरते आणि उतारावरून खाली घरंगळते. ती थांबते दक्षिणेकडे जाणाऱ्या रुळावर.

हीच डुलकी काहीशे मीटर आधी लागती, तर गाडी शेतात गेली असती आणि बातमी स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपली असती.

तो जागा आहे. त्याला काही झालेलं नाही. गाडी मागे घ्यायचा प्रयत्न करतो. ती निघत नाही. तो उतरतो, रुळांपासून दूर होतो आणि मोबाइलवरून ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवतो. गाडी रेल्वेच्या रुळावर आहे, असं सांगू लागतो. हा निरोप पोलिसांकडून रेल्वेच्या सिग्नल केंद्राला आणि तिथून चालकाला जायला हवा.

६:१३. फोन चालू असतानाच इंटरसिटी लँड रोव्हरला धडकते. तिचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या वर आहे.

पुढच्या हलक्या डब्याची पहिली चाकं रुळांवरून उतरतात. डबा उलटत नाही. गाडी तशीच, सरळ उभी, धावत राहते. वेग कमी होतो आहे. जवळच एका सायडिंगकडे जाणारे सांधे आहेत. उतरलेली चाकं त्या सांध्यांपाशी येतात आणि डबा शेजारच्या रुळाकडे ढकलला जातो.

लँड रोव्हरपासून ६४२ मीटरवर कोळशाची गाडी समोर येते. इंटरसिटीचा वेग आता ताशी सुमारे १४२ किलोमीटर, मालगाडीचा सुमारे ८७. दोन्ही मिळून २२९. पहिल्या धडकेपासून दुसरीपर्यंतचा काळ, हिशेब करून पाहिला तर, चौदा सेकंदांच्या आसपास.

त्यानंतर. दहा जण मरतात. दोन्ही गाड्यांचे चालक, इंटरसिटीवरचे आणखी दोन रेल्वे कर्मचारी आणि सहा प्रवासी. ८२ जखमी. मालगाडीच्या केबिनमधला प्रशिक्षक वाचतो. नऊच्या नऊ डबे रुळांवरून उतरलेले आहेत. त्या सुमारास ब्रिटनमध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकताची साथ सुरू झाली होती, त्यामुळे शेतांतून ये-जा करणाऱ्या मदत पथकांना जंतुनाशकाचीही काळजी घ्यावी लागली.

मागचं ९१०२३ इंजिन किरकोळ नुकसानीवर निभावलं. चार महिन्यांपूर्वी, १७ ऑक्टोबर २००० रोजी, हॅटफील्डला तडकलेल्या रुळामुळे घसरलेल्या गाडीलाही हेच इंजिन होतं. तिथे चार जण गेले होते. पुढे त्याचं नूतनीकरण झालं, तेव्हा मालिकेच्या क्रमाने मिळायचा ९११२३ हा क्रमांक न देता ९११३२ देण्यात आला.

डिसेंबर २००१, लीड्स क्राउन कोर्ट. आरोपीचं म्हणणं: झोप लागली नव्हती, आवाज झाला, गाडीतच काहीतरी बिघडलं. तपास अधिकाऱ्यांनी लँड रोव्हरचे तुकडे गोळा करून ती पुन्हा जुळवली होती. बिघाड सापडला नव्हता.

तो जाणूनबुजून खोटं बोलत होता, असंच मानायला हवं असं नाही. मिनिटा-दोन मिनिटांत जागं केलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे बहुतेकदा आठवतच नाही. झोपेच्या प्रयोगशाळांत हे नेहमी दिसतं. उपकरणावरची रेषा झोप दाखवत असते आणि माणूस शपथेवर सांगतो की मी जागाच होतो.

पण ज्यूरीसमोरचा प्रश्न ६:१२चा नव्हताच. झोपलेला माणूस काही ठरवत नाही, त्यामुळे त्या क्षणाचा दोष त्याला देता येत नाही. दोष त्याआधीचा: पेंग येते आहे हे कळत असताना त्याने गाडी चालवत ठेवली का? सरकारी पक्षाने त्यासाठी टेलिफोन कंपनीच्या नोंदी मांडल्या, रात्री दहापासूनच्या. १३ डिसेंबरला ज्यूरीने त्याला धोकादायक रीतीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत ठरल्याच्या दहाही आरोपांत दोषी ठरवलं.

पुलाजवळचा कठडा फार आखूड होता आणि भरपाईचा काही भार सरकारनेही उचलावा, असा दावा त्याच्या विमा कंपनीने नंतर लावला. न्यायालयाने तो २००३ मध्ये फेटाळला. कठडा तेव्हाच्या नियमांप्रमाणे होता.

११ जानेवारी २००२. पाच वर्षं कैद आणि पाच वर्षं वाहनबंदी. या गुन्ह्याला त्या वेळी कमाल शिक्षा दहा वर्षांची होती. अर्धी मुदत भोगून तो जुलै २००४ मध्ये सुटला. वाहनबंदीची तेव्हा आणखी अडीच वर्षं उरली होती.